चौधरी सरांची यादी आणि कार्ड क्रमांक ३१७

प्रा. यशवंत नारायण चौधरी यांना ठाऊक होते की नव्हते, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. काय ठाऊक होते, ते पुढे क्रमाने येईल. मी, वाणी, जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, आणि ते तिथे संगणक विभागाचे प्रमुख होते. पहूरच्या शाळेत माझे वडील शिक्षक होते. उत्तर लिहिण्याआधी पायऱ्या लिहाव्यात, अशी त्यांची शिस्त होती. तीच इथे पाळतो. सरांविषयी माझे मत चांगले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. वाचणाऱ्याने त्या मताची वजाबाकी करून पुढे जावे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे संगणक आले, तेव्हा सरही आले. न्यायाने सांगायचे तर ती यंत्रे त्यांच्यामुळेच आली. पत्रव्यवहार त्यांनी केला, खोलीला काचेचे दार आणि थंड हवेचे यंत्र त्यांनीच बसवून घेतले. धूळ जाऊ नये म्हणून सर्वांनी बाहेर चपला काढाव्यात, हा नियमही त्यांचाच. दाराची किल्ली त्यांच्या सफारीच्या वरच्या खिशात असे, आणि बोलताना ते खिशावरून हात फिरवून ती जागेवर असल्याची खात्री करत.

इतर लोक भेटल्यावर जेवण झाले का, असे विचारतात. सर विचारत, "किती झाले?" म्हणजे किती शोधनिबंध छापून झाले. समोरच्याने दोन म्हटले की ते मान हलवत आणि आपला आकडा सांगत. आपल्या निबंधांची शीर्षके त्यांच्या तोंडी मी कधी ऐकली नाहीत. ते क्रमांकाने बोलत. "माझा सतरावा बंगलोरला वाचला", "तेविसाव्याचं प्रूफ आलं". एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांनी त्यांना तेविसावा कशावर आहे, असे सहज विचारले. सरांनी कपाट उघडले, फाईल काढली आणि शीर्षक वाचून दाखवले.

सर मूळचे रावेरचे. घरी केळीची बाग. निबंध कसा लिहावा, याबद्दल विभागातल्या तरुण अध्यापकांना ते जे सांगत, ते त्या बागेतूनच आले होते. "घड अख्खा विकला की एकदाच विकला जातो. फण्या सुट्या केल्या की सहा गिऱ्हाईकं." एका अभ्यासाचे सहा निबंध कसे करायचे, त्याचा हा पाठ होता. ते लपूनछपून काही सांगत नसत. अध्यापक हसत, आणि मग तसेच करत.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची. प्रकल्प-अहवाल बांधणीसाठी ग्रंथालयात येत. शेवटी दिलेल्या संदर्भांत सरांचे किमान दोन निबंध नसतील तर तो अहवाल मी परत पाठवावा, अशी तोंडी सूचना मला होती. मी ती पाळत असे, हेही नोंदवून ठेवतो. नशिराबादचा सलीम शेख नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने एस.टी.च्या वेळापत्रकाचा प्रकल्प केला होता, आणि तो खरोखर चांगला होता. मी अहवाल परत दिला, तेव्हा तो सरळ सरांकडे गेला. मागोमाग मीही कागदावर सही घ्यायला गेलो होतो, म्हणून पुढचे माझ्या कानांनी ऐकले.

"सर, तुमचे दोन्ही निबंध मी वाचले," सलीम म्हणाला. "त्यांचा बसशी काही संबंध लागत नाही."

सरांनी सही करता करता वर न पाहता उत्तर दिले. "शेख, संदर्भ वाचायचा नसतो. द्यायचा असतो."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते लागेल.

आता ज्यांना हा व्यवहार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. एखाद्याने शोधनिबंध लिहिला, आणि दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात त्याचा उल्लेख केला, तर ती त्या कामाची दखल समजतात. जगभरातल्या अशा दखली गोळा करून छापणारे जाडजूड खंड असतात. त्यांत लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे दिलेली असतात, बाकी काही नाही. पुढे नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, खंड, पृष्ठ, आणि खाली दखल घेणाऱ्यांची नावे. हे खंड जळगावात नव्हते. म्हणून एका वर्षी सरांनी मला मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात चार दिवस पाठवले. काम एकच: "चौधरी वाय. एन." या नावाखाली जे जे असेल ते उतरवून आणायचे.

मी जाताना मनाशी अंदाज बांधला होता की दोनतीन ओळी मिळतील. मिळाल्या एकोणीस. आणि त्या आमच्याच विद्यार्थ्यांच्या नव्हत्या. पोलंड, जपान, कॅनडा. एकोणीसही दखली तीन निबंधांच्या होत्या. मी नियमाप्रमाणे लेखकसूचीचा खंडही पाहिला. त्यात लेखकाचा पत्ता धुळ्याच्या एका महाविद्यालयाचा होता. सर जळगावला येण्यापूर्वी काही वर्षे धुळ्याला होते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे मला शंका आली नाही. उलट मनात थोडे ओशाळल्यासारखे झाले, की या माणसाला आपण उगीच कमी लेखत होतो. चूक इथे झाली, आणि ती माझी होती. आपल्या जिल्ह्यात चौधरी किती, पाटील किती, महाजन किती, हे मला पहूरच्या हजेरीपटावरूनच माहीत असायला हवे होते. एका वर्गात तीन तीन. परंतु छापील खंडात आपल्या गावाकडचे नाव दिसले की ते एकाच माणसाचे असणार, असे मी धरून चाललो.

यादी मी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उभ्याने वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. नियतकालिकाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठून निघतं?" मी सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "खाली लिहा, मूळ खंडांवरून तपासून प्रमाणित. सही करा, शिक्का मारा." मी केले. आपल्याच निबंधाचे नियतकालिक कुठून निघते हे लेखकाला का विचारावे लागले, हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही.

इथे कार्डांविषयी सांगणे आवश्यक आहे. त्या काळी दूरच्या लेखकाचा निबंध हवा असेल तर छापील पोस्टकार्ड पाठवत. आपल्या अमुक निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी, खाली नाव, सही. लेखक प्रत पाठवून देई. सर अशी पुष्कळ कार्डे पाठवत. आलेल्या प्रती कपाटात मांडलेल्या असत आणि पाकिटांवरची परदेशी तिकिटे त्यांच्या पुतण्याकडे जात. त्यांतली किती पाकिटे फोडली गेली, ते मी बोलत नाही. कार्डे ग्रंथालयातून दिली जात, म्हणून प्रत्येकावर मी शिक्क्याने क्रमांक उठवत असे आणि जावक वहीत तो कोणाला गेला ते लिहीत असे. मुंबईहून आल्यानंतरच्या आठवड्यात सरांनी एक कार्ड नेले. वहीत क्रमांक ३१७ समोर त्यांच्याच अक्षरात दोन शब्द आहेत: "खराब झाले".

पुढच्या वर्षी आमच्याकडे पदव्युत्तर विभाग सुरू व्हायचा होता आणि त्यासाठी प्रपाठकाचे, म्हणजे रीडरचे, एक पद निघाले. सरांनी अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी आणखी एक उमेदवार धुळ्याहून आल्या. सौ. यमुना देविदास महाजन. वय चाळिशीचे, हातात कापडी पिशवी. सकाळच्या बसने आल्या होत्या आणि वेळ होता, म्हणून मी त्यांना ग्रंथालयात बसायला खुर्ची दिली. त्या धुळ्याला अकरावी-बारावीला गणित शिकवत होत्या. ग्रंथालयासमोरच संगणकाची खोली. काचेतून त्यांनी आत पाहिले आणि मला विचारले, आत जाऊन पाहता येईल का. मी म्हटले, विचारून पाहा. त्यांनी दाराशी चपला काढल्या. शिपाई म्हणाला, सरांना विचारल्याशिवाय कोणालाच नाही. त्यांनी चपला पुन्हा घातल्या आणि परत येऊन बसल्या.

"मी याच्यासाठीच अर्ज केला," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं कागदावर मांडते आहे. यंत्रावर एकदाही चालवून पाहिलं नाही."

त्यांचे माहेर रावेर. वडील नारायण चौधरी केळीचा माल ट्रकमध्ये भरून देत. घड कापला की घड्याळ सुरू होते, आणि कुठला माल आधी चढवायचा, कुठला थांबू शकतो, हे वडील नुसत्या नजरेने ठरवत. लग्नाआधी धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवताना त्यांनी ती नजर गणितात मांडली होती: थांबली की नासतात अशी कामे यंत्राने कोणत्या क्रमाने करावीत. त्यावर तीन निबंध. हे त्यांनी मला सांगितले, तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण नाव महाजन होते.

तासाभराने मला मुलाखतीच्या खोलीत बोलावले. टेबलावर दोन अर्ज होते आणि दोन्हींना दखलींच्या याद्या जोडल्या होत्या. दोन्ही याद्यांत तीच एकोणीस नावे. यमुनाताईंचे म्हणणे असे की वाय. एन. चौधरी म्हणजे मी, हे माझे माहेरचे नाव. समितीचे अध्यक्ष म्हणत होते की वाय. एन. चौधरी तर इथे समोर बसलेले आहेत. एका सदस्यांनी निबंधावर धुळ्याचा पत्ता कसा, असे विचारले. सर शांतपणे म्हणाले, "त्या वर्षी मी धुळ्यालाच होतो." हे वाक्य शब्दशः खरे होते.

मग अध्यक्षांनी मला विचारले, "ही यादी तुम्ही केलीत? सही तुमची?"

"होय. मूळ खंडांवरून केली. सही माझी आहे."

हेही शब्दशः खरे होते. मला विचारले तेवढ्याचेच मी उत्तर दिले. यमुनाताईंनी माझ्याकडे पाहिले. अध्यक्ष त्यांना म्हणाले, बाई, दुसऱ्याच्या कामावर अर्ज करणे शोभत नाही. त्यांनी आपली कागदपत्रे पिशवीत भरली. एक कागद दोनदा भरला आणि दोनदा बाहेर काढला.

बाहेर मी पाणी दिले. त्यांनी ते घेतले, म्हणून मला काही बोलायचे धैर्य झाले. मी म्हटले, तुमचे विवाहाचे प्रमाणपत्र दाखवायला हवे होते. त्या म्हणाल्या की दाखवले. त्यावरून मी महाजन झाले एवढे कळते, निबंध कोणाचा ते कळत नाही. मग सहज म्हणाल्या, "गंमत बघा. तुमच्याच गावाहून कुणीतरी माझी प्रत मागवली होती. मी पाठवली."

"कार्डानं?"

"हो. जुन्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर येतात, तिथून मला मिळतात. सगळी कार्डं आहेत घरी."

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. दार त्यांच्या सासऱ्यांनी उघडले. सगळे त्यांना आबा म्हणत. मी जळगावचा म्हटल्यावर त्यांनी मला बसा म्हटले नाही. यमुनाताई आतून म्हणाल्या की येऊ द्या, तेव्हा आबांनी स्वतःच फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर आदळला. "बठ्ठा कार्ड ह्या डबामा शे. मोजी लेवा." सगळी कार्डे या डब्यात आहेत, मोजून घ्या, असे त्यांचे म्हणणे. पोलंडची, जपानची, रंगीत तिकिटांची. तळाशी आपले साधे पिवळट कार्ड. डाव्या कोपऱ्यात माझा शिक्का: ३१७. खाली हाताने लिहिलेले निबंधाचे पूर्ण शीर्षक, "प्रिय डॉ. चौधरी, आपल्या या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी", आणि सही: वाय. एन. चौधरी, जळगाव. टपालाच्या छापावरची तारीख सरांच्या अर्जाच्या तारखेच्या साडेचार महिने आधीची.

यमुनाताईंना ते कार्ड आले तेव्हा नवल वाटले होते, आपल्याच नावाचा माणूस आपले काम वाचतो आहे म्हणून. सोबत त्यांनी दोन ओळींचे पत्रही पाठवले होते, की आनंद झाला. उत्तर आले नाही.

मी आबांना कार्ड वाचून दाखवले. "म्हणजे पहिले मांगी लिधं," ते म्हणाले, "आनि मंग चोरी लिधं?"

माझ्या प्रश्नाचे उत्तर आबांनी माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा थोडक्यात दिले. स्वतःचा निबंध कोणी दुसऱ्याच्या पत्त्यावरून मागवत नाही. म्हणजे सरांना ठाऊक होते. तरीही पायऱ्या पूर्ण कराव्यात म्हणून मी सोमवारी कार्ड आणि जावक वही घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. वाटले होते की ते चिडतील किंवा घाबरतील. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिले आणि परत दिले.

"वाणी, यादी कोणी केली?"

"मी."

"चौधरी वाय. एन. हे माझं नाव आहे की नाही?"

"आहे. पण ते निबंध तुमचे नाहीत, सर."

"माझे आहेत असं मी कुठं लिहिलंय? माझ्या निबंधांची यादी वेगळी आहे. एक ते एकेचाळीस. बघा त्यात." त्यांनी खिशावरून हात फिरवला. किल्ली जागेवर होती. "यात खोटं वाक्य कुठलं, ते मला दाखवा."

मी त्यांचा अर्ज नंतर ओळीओळीने वाचला. खोटे वाक्य एकही नव्हते. एका पानावर एकेचाळीस शीर्षके, दुसऱ्या पानावर एकोणीस दखली, आणि दोन्ही पाने एकाच पिनेने जोडलेली. दोन्ही पाने शेजारी ठेवून ताडून पाहिली असती तर पाच मिनिटांचे काम होते. समितीने ते केले नाही. मुख्य म्हणजे मीही केले नव्हते, आणि माझे कामच ते होते.

समितीला मी सविस्तर पत्र लिहिले, कार्डाची आणि वहीच्या पानाची छायाप्रत जोडली. दीड महिन्याने उत्तर आले. निवडीची प्रक्रिया पूर्ण झाली असून ती आपण स्वतः प्रमाणित केलेल्या यादीवर आधारलेली आहे. सर प्रपाठक झाले. त्यांचे पुढच्या वर्षी चार निबंध आले. यमुनाताई धुळ्याला अकरावी-बारावीला शिकवत राहिल्या. सलीम तेव्हा दुसऱ्या एका महाविद्यालयात लागला होता. माझ्याकडून हकिगत कळल्यावर त्याने यमुनाताईंचा निबंध मागवून वाचला, तिथल्या यंत्रावर चालवला आणि निकालाचे लांबलचक कागद पोस्टाने धुळ्याला पाठवले. त्यांत त्यांना एका ठिकाणी सुधारणा सुचली. त्यावर त्यांनी कित्येक वर्षांनी चौथा निबंध लिहिला, या वेळी वाय. डी. महाजन या नावाने. त्यात आपल्या जुन्या तीन निबंधांचा संदर्भ दिला आणि पहिल्या पानाच्या तळाशी एक टीप घातली: या लेखिकेचे पूर्वीचे नाव वाय. एन. चौधरी असे होते. संदर्भ एक ते तीन तिचेच आहेत. छापील प्रत त्यांनी मला पाठवली. मी ती कार्ड ३१७ सह ग्रंथालयात नोंदवून ठेवली. कार्ड त्यांनीच दिले. म्हणाल्या, घरात नको.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सर निवृत्त झाले. सत्कार झाला, स्मरणिका निघाली. तिच्यासाठी यादी करायला त्यांनी मला सांगितले नाही. तोपर्यंत त्या जाड खंडांच्या सीडी आल्या होत्या. नाव टाकले की सगळे पडद्यावर येई. सरांनी ते स्वतः केले, आणि मुद्रिते स्वतः तपासली.

सरांना मी शेवटचे पाहिले ते त्या सत्काराच्या दिवशी. भाषणे संपली होती. लोक चहाकडे गेले होते. सर गळ्यात हार तसाच ठेवून पहिल्या रांगेत एकटे बसले होते, मांडीवर स्मरणिका उघडी. पान होते "सरांच्या संशोधनाची दखल घेणारे अभ्यासक". उजव्या हाताचे बोट एकेका नावावरून खाली सरकत होते आणि ओठ हलत होते. ते मोजत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. बोटाच्या खाली मला शेवटच्या ओळी दिसल्या. पोलंड होते, जपान होते, आणि अगदी तळाशी नवीन भर पडलेले एक नाव: वाय. डी. महाजन, धुळे.

ज्या निबंधाच्या पहिल्याच पानावर चौधरी म्हणजे मी, असे छापले आहे, तो त्यांनी आपल्या दखलींत मोजला होता. पडद्यावर नाव आले, त्यांनी घेतले. उघडून पाहिले नव्हते.

त्यांनी मान वर केली. बरीच वर्षे आम्ही कामापुरतेच बोलत होतो. तरी त्या वेळी त्यांचा आवाज मऊ होता.

"वाणी, तुम्ही बारकाईनं बघता. सगळे आलेत ना बरोबर?"

"आलेत, सर," मी म्हटले. "एकही सुटलेला नाही."

त्यांनी समाधानाने स्मरणिका मिटली, आणि रिकाम्या खिशावरून एकदा हात फिरवला.

मी सरांचा हितचिंतक नाही. आणि ज्या यादीने हे सगळे झाले तिच्यावर सही माझी आहे. म्हणून माझ्या शब्दावर कोणी जाऊ नये. आमच्या ग्रंथालयात स्मरणिकेची एक प्रत, महाजन यांच्या निबंधाची एक प्रत, जावक वही आणि कार्ड क्रमांक ३१७ या चार वस्तू एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. वाचकांना विनंती एवढीच, की तिथे जावे, त्या उघडाव्यात, आणि स्वतः ताडून पाहाव्यात.